जीप आणणारा माणूस

मराठवाड्यात एके काळी जीप दिसली की लोक ओळखत, साहेब आले! तहसीलदाराची, धरणावरच्या इंजिनिअरची, निवडणुकीच्या प्रचाराची, सगळ्यांची गाडी तीच. ती मुळात रणांगणासाठी घडवलेली होती. ती आपल्याकडे आली यामागे कैलासचंद्र महिंद्रा यांची दूरदृष्टी आहे.

ते १८९४ साली लुधियानात जन्मले. थोरले बंधू जगदीशचंद्र यांनी घर सांभाळले आणि धाकट्याला केंब्रिजला शिकायला पाठवले. पुढे कैलासचंद्र कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीत रमले. उद्योगपती राजेंद्रनाथ मुखर्जींचे चरित्रही त्यांनी लिहिले. माझ्यासारख्या लेखकाला या माणसाविषयी जवळीक वाटते ती त्यामुळेच.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारच्या खरेदी-पथकाचे प्रमुख म्हणून ते अमेरिकेत होते. त्या काळी तिथे जीपचा बोलबाला होता. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कारखान्यांकडे हलक्या गाडीची मागणी केली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. बँटम या छोट्या कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावले. त्याने दोन दिवसांत आराखडा रेखाटला. २३ सप्टेंबरला गाडी मेरीलँडमधील होलाबर्डच्या लष्करी तळावर पोचली. चढ, चिखल, खाचखळगे यांतून ती निर्दयपणे पळवली गेली आणि कसोटीला उतरली. पण सैन्याने तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड यांनाही दाखवले. मोठ्या मागण्या त्या दोघांच्याच पदरात पडल्या. कष्ट एकाचे, पीक दुसऱ्याच्या घरात!

विलीजचे बार्नी रूस यांची आणि कैलासचंद्रांची अमेरिकेत भेट झाली. धड रस्ते नसलेल्या आपल्या देशाला हीच गाडी हवी, हे त्यांनी हेरले.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. धंदा पोलादाचा होता. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये पाटीवर महिंद्रा अँड महिंद्रा असे नाव आले. पन्नाशी ओलांडलेल्या कैलासचंद्रांनी जीपवर भिस्त ठेवली. सुटे भाग आणून माझगावात गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. १९५१ मध्ये जगदीशचंद्र गेले, तरी काम थांबले नाही.

बँकेच्या नोकरीत मी येलदरीच्या बाजूला कर्जवसुलीसाठी जीपने हिंडलो आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडी रुते, मोटारीचे तर नावच नको. ड्रायव्हर पुढच्या चाकांनाही जोर देई आणि आमची जीप कण्हत, डुलत गावात शिरे. डॉक्टर, लस टोचणारे, दुष्काळी कामांवरचे अधिकारी अशाच गाड्यांतून वस्त्यांवर पोचले.

१९६३ साली कैलासचंद्र वारले. प्रॉब्स्टही त्याच वर्षी गेला. तेव्हा इकडे पूर्णा नदीवर येलदरीचे धरण उभे राहत होते. पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, ते पुरे झाले.