तळे, रिवाज आणि न्यायाधीश

बडोद्याजवळ छाणीला माझे मामा राहतात. गेल्या सुटीत त्यांच्याबरोबर छाणीहून शहरात गेलो, तेव्हा वाटेत कमाटीबाग लागली. मामांनी सांगितले की १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर डोक्यावर छप्पर उरले नाही म्हणून मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत येथे बसून होते.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार १९१७ मध्ये बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. पण एवढ्या मोठ्या शहरात त्यांना बिऱ्हाड मिळेना. पारशी नाव धारण करून ते पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. महाराजांची मर्जी त्यांच्यावर होती, पदव्या होत्या, हुद्दा होता. मात्र हक्क म्हणून न्यायाधीशापुढे ठेवता येईल असे काही त्यांच्या हाती नव्हते.

आम्ही वाणिज्य शाखेची मुले त्यांना रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो. परंतु ते बॅरिस्टरही झाले व १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत बोलका खटला मात्र असा, की ज्यात ते स्वतःच प्रतिवादी होते.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ते व त्यांचे सहकारी प्याले. तळे नगरपालिकेचे, आणि १९२४ सालीच पालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठराव केलेला. तरीही सनातनी मंडळींनी डिसेंबरात दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो सत्याग्रही महाडात जमलेले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मोडू दिला नाही. ज्या कोर्टाने वाट अडवली त्याच कोर्टात ते लढत राहिले. मला तर पाणी पिण्यापेक्षाही हे कठीण वाटते.

हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे! निकाल बाबासाहेबांच्या बाजूने झाला खरा, पण कशामुळे? अस्पृश्यांना दूर ठेवण्याचा रिवाज अनादि काळापासून चालत आला आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही म्हणून. न्यायाधीशांपुढे प्रश्न रिवाज किती जुना हा होता, तो न्याय्य आहे की नाही हा नव्हता. पुरावा भक्कम असता तर त्याच न्यायाधीशांना कदाचित उलटा निकाल द्यावा लागला असता. माणूस चांगला असून काय उपयोग, हातातला कायदाच तसा!

पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. १९५० साली अमलात आलेल्या घटनेत कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५ मध्ये विहिरी, तळी, दुकाने, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आला. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे कलम १३ ने रद्दबातल ठरविले, आणि त्या कलमात कायद्याइतकेच बळ असलेल्या रूढीही धरल्या आहेत. म्हणजे महाडचा प्रश्नच उलटला. आता रूढी हजार वर्षांची असली तरी ती हक्काच्या आड येते का, एवढेच न्यायाधीशाने पाहायचे. कलम ३२ ने तर हक्क डावलला गेल्यास थेट सुप्रीम कोर्टात जाता येते. या कलमाला ते घटनेचा प्राण मानीत.

असे असूनही न्यायाधीशांच्या हाती सारे सोपवावे असे त्यांना वाटत नव्हते. एखादा कायदा चांगला की वाईट, हे कोर्टाने ठरवावे की निवडून आलेल्या लोकांनी, याविषयी घटना समितीत त्यांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम २१ मध्ये केवळ कायद्याने ठरविलेली कार्यपद्धती एवढेच शब्द राहिले, तेव्हा अटकेतील माणसाला थोडे तरी संरक्षण मिळावे म्हणून त्यांनी कलम २२ आणले. १९५१ साली मद्रासच्या कॉलेजांतील जातवार राखीव जागा सुप्रीम कोर्टाने मूलभूत हक्कांखालीच रद्द केल्या. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन मागासलेल्यांसाठी खास तरतूद करण्याची वाट मोकळी झाली, आणि तिचे समर्थन कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनीच केले. न्यायाधीशांना अधिकार देणारेही तेच, आणि त्या अधिकाराला वळण देणारेही तेच. यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही, पण मामांचा आणि माझा यावर छाणीला परत पोहोचेपर्यंत वाद चालला होता.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. कार्यपद्धती न्याय्यही असली पाहिजे, हा अर्थ सुप्रीम कोर्टाने कलम २१ मधून काढला तो १९७८ साली, मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात.