दाराचा चटका आणि छापखानेवाला फ्रँकलिन

मागच्या फेब्रुवारीत इंडस्ट्रियल व्हिजिटला चाकणला गेलो होतो. बसमध्ये जागा संपली म्हणून आम्ही चौघं एका गाडीत. हवा कोरडी ठणठणीत, अंगात टेरिकॉटचा युनिफॉर्म, पायात रबरी सोलचे सेफ्टी शूज. गेटवर उतरून दार लावायला हात पुढे केला आणि टक्! बोटाला असा चटका बसला की हातातली फाइल खाली. मागून उतरलेल्याचंही तेच. ड्रायव्हरकाका मात्र निवांत. ते उतरताना आधी दाराच्या चौकटीचं लोखंड धरतात, मग पाय खाली टाकतात आणि उभं राहिल्यावरच हात सोडतात. कारण विचारलं तर हसले. चटका बसत नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

या चटक्याचा हिशोब नीट मांडणारा माणूस होता बेंजामिन फ्रँकलिन. पतंगवाला म्हणून तो आपल्याला शाळेपासून माहीत असतो, पण पतंग ही त्याच्या कामातली शेवटाकडची गोष्ट. सुरुवात अशाच घरगुती चटक्यांपासून झाली.

जन्म १७ जानेवारी १७०६, बोस्टन. वडील साबण-मेणबत्त्या बनवायचे, आणि त्यांच्या सतरा मुलांतला हा पंधरावा. शाळा दहाव्या वर्षी सुटली. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. भावाशी पटेना, म्हणून सतराव्या वर्षी पळून फिलाडेल्फियाला गेला. तिथे स्वतःचा छापखाना, वर्तमानपत्र, दरवर्षीचं पंचांगवजा पुस्तक, असा जम बसवला आणि १७४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, धंदा भागीदाराच्या हाती देऊन मोकळा झाला. डिग्री नाही, लॅब नाही, आणि अर्थात केटीही नाही!

त्याने मित्रांबरोबर फिलाडेल्फियात एक वाचनालय काढलं होतं. लंडनच्या पीटर कॉलिन्सन नावाच्या व्यापाऱ्याने त्या वाचनालयाला एक काचेची नळी भेट पाठवली. फडक्याने घासली की ठिणग्या देणारी. तेव्हा युरोपात हा दिवाणखान्यातला खेळ होता. फ्रँकलिनच्या घरीही बघ्यांची गर्दी व्हायची. पण तो नुसत्या गंमतीवर थांबला नाही.

१७४७ मध्ये त्याने कॉलिन्सनला एक प्रयोग कळवला. दोन माणसं मेणाच्या लादीवर उभी करायची. एकाने नळी घासायची, दुसऱ्याने तिच्यातली वीज बोटाने घ्यायची. आता जमिनीवर उभा असलेला तिसरा या दोघांपैकी कोणालाही शिवला तर ठिणगी पडते. पण ते दोघं एकमेकांना शिवले तर आणखी मोठी पडते, आणि मग दोघांतही काही उरत नाही. फ्रँकलिनने अर्थ लावला की घासण्याने वीज तयार होत नाही, ती फक्त इकडची तिकडे होते. एकाकडे जास्त, दुसऱ्याकडे तितकीच कमी. आपण सर्किटमध्ये रोज घालतो ती प्लस-मायनसची भाषा इथून आली.

आता गाडीत या. मेणाच्या लादीच्या जागी आपले रबरी सोल. सीटच्या कापडावर पँट घासली की एक चार्ज सीटवर राहतो, उलटा आपल्या अंगावर. बसलेलो असताना दोन्ही शेजारी असतात म्हणून काही जाणवत नाही. सीटवरून उठलो की ते लांब जातात, कपॅसिटन्स घटते आणि व्होल्टेज काही हजारांवर चढतं. मग बोट पत्र्याजवळ नेलं की टक्! पावसाळ्यात दमट हवेमुळे हा चार्ज साचतच नाही, म्हणून चटका हिवाळा-उन्हाळ्यातलाच. गाडीमागे लोंबणारी पट्टी लावून उपयोग नाही, कारण चार्ज आपल्या अंगावर असतो. काकांची रीत बरोबर. लोखंड धरून उतरलं की चार्ज साचायच्या आत निघून जातो. विसरलात तर किल्ली चिमटीत घट्ट धरून तिचं टोक आधी पत्र्याला लावा. ठिणगी किल्लीवर पडते, बोटाला कळत नाही.

टोकाचाही अभ्यास फ्रँकलिनने केला होता. वीज भरलेल्या लोखंडी गोळ्यासमोर त्याने टोकदार दाभण वीतभर अंतरावर धरला, तर गोळा आवाज न करता रिकामा झाला. बोथट तुकडा मात्र इंचभर जवळ न्यावा लागला आणि ठिणगी पडली. तोच दाभण मेणाच्या मुठीत खोचून धरला तर काहीच होईना. म्हणजे नुसतं टोक पुरत नाही, पुढे जमिनीपर्यंत वाट हवी. वीजवाहकाचं अख्खं तत्त्व एवढ्यात आलं.

एवढं कळूनही गडी एकदा सापडलाच. २३ डिसेंबर १७५० ला तो दोन मोठ्या लायडन जारच्या झटक्याने टर्की मारून दाखवणार होता. गप्पांच्या नादात दोन्ही हात भलतीकडे लागले आणि सगळा झटका त्याच्याच अंगातून गेला. लोकांनी पिस्तुलासारखा आवाज ऐकला, याला मात्र काहीच कळलं नाही. हात आणि मान सकाळपर्यंत बधिर, छाती आठवडाभर दुखत होती. हे त्याने स्वतः ओशाळून लिहून ठेवलंय.

१७५२ च्या पतंगाच्या वेळी तो आडोशाला उभा होता, हातात कोरडी रेशमी फीत. पतंगावर वीज कोसळली नव्हती, नाहीतर पुढचं चरित्रच नसतं. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये रिखमान नावाचा प्राध्यापक असाच प्रयोग करताना मेला. त्याच्या छपरावरच्या सळईला जमिनीची वाट ठेवलेली नव्हती.

आपला चटका त्यापुढे किरकोळ. पण गणित करून बघा. शरीराची कपॅसिटन्स १५० पिकोफॅरड आणि व्होल्टेज ८,००० धरलं, तर अर्धा सी व्ही वर्गाने सुमारे ५ मिलिज्यूल येतात. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास पुरतात. म्हणून टँकर रिकामा करण्याआधी त्याला अर्थिंगचा चिमटा लावतात. रात्री बाइक बंद पडली की प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल आणणाऱ्या आमच्या विंगमधल्या वीरांनी हे दोनदा वाचावं. ओतताना त्या बाटलीतही चार्ज साचतो आणि प्लॅस्टिक तो सोडत नाही.

ही काळजी फ्रँकलिनच्या वाट्यालाही आली होती, पेट्रोलऐवजी बंदुकीच्या दारूची. लंडनजवळ पर्फ्लीटला सरकारी दारूगोदामं होती. १७७२ मध्ये त्यांच्यासाठी नेमलेल्या समितीत तो होता. टोकदार सळया बसवा, असा सल्ला समितीने दिला. एका सदस्याने बोथटचा हट्ट धरला. १७७७ मध्ये तिथल्या एका इमारतीवर वीज पडली. किरकोळ नुकसान झालं, स्फोट नाही. तोवर अमेरिकेचं युद्ध पेटलं होतं आणि फ्रँकलिन पॅरिसमध्ये राजाविरुद्ध मदत मिळवत होता. राजाने आपल्या वाड्यावर बोथट गोळेवाल्या सळया लावून घेतल्या. फ्रँकलिनने त्या वादात पडायचं टाळलं.

वीजवाहकाचं पेटंट त्याने कधीच घेतलं नाही. कसा बसवायचा ते आपल्याच वार्षिक पंचांगात छापून टाकलं, म्हणजे कुणालाही लोहाराकडून करून घेता यावा. १७ एप्रिल १७९० ला फिलाडेल्फियात तो गेला, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन.