सोन्याच्या वर्खातून स्टिअरिंगपर्यंत : एडविन हॉल

मोटारीच्या डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचे पिवळे चिन्ह एकाएकी उजळले, की चालकाच्या मनात पहिली शंका ब्रेकची येते. पुष्कळदा दोष ब्रेकमध्ये नसतोच. तो असतो स्टिअरिंगच्या दांड्याभोवती बसवलेल्या एका लहानशा कडीत. या कडीला स्टिअरिंग अँगल सेन्सर असे नाव आहे. चालकाने स्टिअरिंग कोणत्या बाजूला आणि किती अंशांनी वळवले, हे गाडीच्या संगणकाला सांगणे एवढेच तिचे काम. अशा अनेक सेन्सरच्या मुळाशी 'हॉल परिणाम' हे भौतिकशास्त्रातील तत्त्व आहे. ते शोधणारे एडविन हर्बर्ट हॉल यांनी आपला प्रयोग केला तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आलेली नव्हती. कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी गाडीचे पेटंट १८८६ चे. हॉल यांचा प्रयोग त्याच्या सात वर्षे आधीचा.

हॉल यांचे नाव अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्यांचे आयुष्य मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ते जाणून घेण्यासारखे आहे. एखादे मापन हाती आल्यावर त्यावर लगेच विश्वास न ठेवता, ते खोटे ठरवू शकणारे प्रत्येक कारण आधी तपासायचे, ही शिस्त या माणसाने जन्मभर पाळली. गाडीतील सेन्सरचा दोष शोधतानाही हीच शिस्त उपयोगी पडते.

शाळामास्तर ते संशोधक

हॉल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८५५ रोजी अमेरिकेच्या मेन राज्यातील गोरहॅम येथे झाला. त्याच राज्यातील बोडिन महाविद्यालयातून १८७५ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढची दोन वर्षे त्यांनी शाळांतून मुख्याध्यापकाचे काम केले. विज्ञानाकडे ते वळले ते त्यानंतर. १८७७ मध्ये त्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रवेश घेतला. हे विद्यापीठ तेव्हा अवघे एक वर्षाचे होते. विद्यार्थ्यांनी केवळ झालेले ज्ञान आत्मसात न करता स्वतः संशोधन करावे, हे त्या विद्यापीठाचे ध्येय होते. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हेन्री रोलंड हे स्वतः पट्टीचे प्रयोगकर्ते होते. हॉल त्यांचे विद्यार्थी झाले.

त्या काळी विद्युत्शास्त्रात जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा शब्द प्रमाण मानला जाई. त्यांचा विद्युत् आणि चुंबकत्वावरील ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तो वाचताना हॉल एका विधानापाशी अडखळले. वीज वाहणारी तार चुंबकाजवळ नेली तर तिच्यावर बल पडते. हे बल तारेच्या धातूवर पडते, तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर नव्हे, असा मॅक्सवेल यांच्या विधानाचा आशय होता. हॉल यांना ते पटेना. तारेत वीज नसेल तर चुंबक तिला हलवत नाही. वीज वाढवली की बलही वाढते. मग बल धातूवर पडते असे का म्हणायचे? पुढे स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक एडलुंड यांचा याच्या उलट मत मांडणारा लेख त्यांच्या वाचनात आला. दोन मोठ्या माणसांत मतभेद आहे हे पाहून हॉल आपल्या गुरूंकडे गेले. रोलंड यांनाही मॅक्सवेल यांच्या विधानाविषयी शंका होती. त्यांनी पूर्वी त्यावर एक प्रयोगही करून पाहिला होता. पण हाती काही लागले नव्हते.

अपयश आणि वर्ख

हॉल यांचा पहिला प्रयोगही अपयशीच ठरला. चुंबक प्रवाहाला तारेच्या एका कडेला ओढत असेल, तर प्रवाहाला वाहण्यासाठी जागा कमी उरेल आणि तारेचा विद्युत् रोध वाढेल, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी तारेचे चपटे वेटोळे चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवले आणि पुनःपुन्हा मोजमाप घेतले. रोध वाढल्याचे दिसेना.

दुसरा एखादा विद्यार्थी येथे थांबला असता. हॉल यांनी प्रश्नच बदलला. प्रवाह कडेकडे रेटला जात असेल, पण धातूच्या बाहेर पडायला वाट नसल्याने तेथेच दाबून राहत असेल, तर? तसे असेल तर धातूच्या दोन कडांमध्ये विजेच्या दाबाचा फरक, म्हणजेच विभवांतर, निर्माण झाले पाहिजे. रोलंड यांचा फसलेला प्रयोग याच धर्तीचा होता. फरक होता तो धातूच्या जाडीत. जाड पट्टीत हा परिणाम इतका क्षीण असतो की तो उपकरणाला जाणवत नाही. रोलंड यांच्याच सल्ल्याने हॉल यांनी काचेच्या पट्टीवर सोन्याचा वर्ख चिकटवला, त्यातून वीज सोडली आणि ती पट्टी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरली. वर्खाच्या दोन कडांना त्यांनी गॅल्व्हानोमीटर हे सूक्ष्म प्रवाह दाखवणारे उपकरण जोडले होते. २८ ऑक्टोबर १८७९ रोजी त्याची सुई हलली. चोविसावा वाढदिवस तेव्हा दहा दिवसांवर आला होता.

हॉल यांची खरी परीक्षा यापुढे होती. सुई हलण्याला दुसरी कारणे असू शकत होती. चुंबकाने सुईलाच थेट ओढले असेल काय? तसे म्हणावे तर सुईचे विचलन फार मोठे होते. चुंबक चालू करताना क्षणभर निर्माण होणारा प्रवर्तित प्रवाह असेल काय? तो क्षणात ओसरतो. येथे सुई हलून तशीच राहत होती. चुंबकाची दिशा उलटवली की सुईही उलट दिशेला जाई. एकेक शंका खोडून काढल्यावरच त्यांनी निष्कर्ष काढला. पुढे मोजमापांवरून त्यांनी हेही दाखवले, की हे विभवांतर प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र या दोहोंच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते.

हा निष्कर्ष 'अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या विधानातून हे सारे सुरू झाले ते मॅक्सवेल त्यापूर्वीच, ५ नोव्हेंबर १८७९ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी निवर्तले होते. लॉर्ड केल्विन यांनी मात्र या शोधाची तुलना फॅरडे यांच्या कार्याशी केली. १८८० मध्ये याच कामासाठी हॉल यांना डॉक्टरेट मिळाली.

स्टिअरिंगखालचा हॉल

या शोधाचा व्यवहारात उपयोग होण्यासाठी अनेक दशके जावी लागली. सोन्यात मिळणारे विभवांतर फारच अल्प होते. सिलिकॉनसारख्या अर्धसंवाहकांत वीज वाहून नेणारे कण धातूच्या मानाने पुष्कळ कमी असतात. त्यामुळे तेवढ्याच प्रवाहासाठी ते अधिक वेगाने धावतात आणि विभवांतर कितीतरी मोठे मिळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे पदार्थ हाती आले, तेव्हा हॉल परिणाम नखाहून लहान चिपमध्ये मावू लागला.

मोटारीत स्टिअरिंगच्या कोनाला महत्त्व आले ते १९९५ मध्ये. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी त्या वर्षी गाडीला घसरण्यापासून सावरणारी यंत्रणा बाजारात आणली. चालकाला कोठे वळायचे आहे हे या यंत्रणेला स्टिअरिंगच्या कोनावरून समजते आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे हे दुसऱ्या एका सेन्सरवरून समजते. दोहोंत तफावत पडली की ती एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सावरते. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. स्टिअरिंगचा कोन चुकीचा कळला, तर सरळ जाणारी गाडीही या यंत्रणेला वळणारी वाटेल. म्हणूनच आकड्यांचा मेळ बसला नाही की ती स्वतःला बंद करून घेते आणि पिवळा दिवा लावते. गाडी चालत राहते. पण निसरड्या रस्त्यावर सावरणारा हात तेवढा नाहीसा झालेला असतो.

सेन्सरच्या आतील रचना सोपी आहे. स्टिअरिंगच्या दांड्याबरोबर एक मोठे दातेरी चाक फिरते. त्याला दोन लहान चाके जोडलेली असतात आणि त्यांच्या दात्यांची संख्या वेगवेगळी असते. लहान चाकांवर चुंबक आणि त्यांच्यासमोर चिप बसवलेल्या असतात. दोन चाकांच्या स्थितीतील फरकावरून स्टिअरिंगचे कितवे वेढे चालू आहे हेही समजते. काही कंपन्या हॉल चिप वापरतात, काही चुंबकीय क्षेत्रात रोध बदलणारी चिप, तर काही प्रकाशावर चालणारी चकती.

आता दोष कसा शोधायचा? येथे हॉल यांचाच क्रम उपयोगी पडतो : आधी इतर कारणे, मग सेन्सर. बॅटरी अशक्त असली किंवा फ्यूज गेला असला, तरी हाच दिवा लागू शकतो. म्हणून प्रथम ते तपासावे. त्यानंतर स्कॅनर जोडून नोंदलेला फॉल्ट कोड लिहून घ्यावा आणि मगच पुसावा. पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. पुढची चाके सरळ ठेवून स्कॅनरवर स्टिअरिंगचा कोन पाहावा. तो शून्याच्या जवळ हवा. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. आकडा न अडखळता बदलला पाहिजे आणि मध्य ओलांडताना त्याचे चिन्ह बदलले पाहिजे. आकडा मध्येच उडी मारत असेल तर संशय सेन्सरवर जातो. आकडाच येत नसेल तर कनेक्टर आणि वायरिंग आधी पाहावे. आकडा सुरळीत बदलतो, पण सरळ चाकांवरही काही अंश दाखवतो, असे असेल तर सेन्सर बहुधा निर्दोष असतो. त्याला शून्य कोठे आहे हे सांगायचे राहिलेले असते.

हा शेवटचा प्रकार नेहमी आढळतो. व्हील अलाइनमेंट केल्यावर, स्टिअरिंग काढून बसवल्यावर, काही गाड्यांत तर केवळ बॅटरी काढली तरी शून्य नव्याने शिकवावे लागते. गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून स्कॅनरने हे काम होते. काही गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून थोडे सरळ चालवले तरी पुरते. मात्र अलाइनमेंट बिघडलेले असताना शून्य ठरवले तर चूकच शून्य म्हणून नोंदली जाते. म्हणून अलाइनमेंट आधी. सेन्सर बदलणे हा अखेरचा उपाय होय. त्यासाठी स्टिअरिंग उतरवावे लागते आणि त्यात एअरबॅग असते. बॅटरीची जोडणी काढून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबल्याखेरीज तेथे हात घालू नये. हे काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे. नवा सेन्सर बसवल्यावरही त्याला शून्य शिकवावे लागतेच.

हार्वर्डमधील चार दशके

डॉक्टरेटनंतर, १८८१ मध्ये, हॉल हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाले. १८९५ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि १९२१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. शाळामास्तर त्यांच्यातून कधी गेला नाही. भौतिकशास्त्र पाठ करून येणाऱ्या मुलांऐवजी ते हाताने करून पाहिलेली मुले विद्यापीठात यावीत, यासाठी त्यांनी हार्वर्डच्या प्रवेशाकरिता शालेय प्रयोगांची यादी तयार केली. तिच्यात सुमारे ४० प्रयोग होते. अमेरिकेतील अनेक शाळांमध्ये प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्यामागे या यादीचा मोठा वाटा होता. अध्यापनातील या कार्यासाठी अमेरिकेच्या भौतिकशास्त्र अध्यापक संघटनेने १९३७ मध्ये त्यांना अर्स्टेड पदक दिले.

त्यांची चिकाटीही ओसरली नव्हती. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरून पडणारी वस्तू किंचित पूर्वेकडे सरकते. ती दक्षिणेकडेही सरकते काय, हा जुना वाद होता. १९०२ मध्ये हॉल यांनी हार्वर्डच्या प्रयोगशाळेत २३ मीटर उंचीवरून एकेक करून ९४८ गोळ्या टाकल्या. पूर्वेकडे त्या सरासरी सुमारे दीड मिलिमीटर सरकल्या. दक्षिणेकडचे सरकणे फारच अल्प होते. त्या गोळ्यांना पूर्वेकडे नेणाऱ्या कोरिओलिस परिणामावरच आज गाडी किती वळते आहे हे सांगणारा सेन्सर चालतो. हाच तो स्टिअरिंग सेन्सरचा जोडीदार.

एक कोडे मात्र हॉल यांना जन्मभर पुरले. सोन्यात सुई एका बाजूला वळली, तर लोखंडात उलट बाजूला. असे का, हे १८८० मध्ये कोणालाच सांगता येण्याजोगे नव्हते, कारण इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ चा. तो लागल्यावर सोन्याचे उत्तर मिळाले. पण उलट चिन्ह दाखवणाऱ्या धातूंचा उलगडा होण्यास पुंज सिद्धांताची वाट पाहावी लागली. हॉल स्वतः धातूंतील विद्युत्वहनाचा आपला वेगळा सिद्धांत मांडत राहिले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९३८ मध्ये निघाले. त्याच वर्षी २० नोव्हेंबर रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा सिद्धांत टिकला नाही, मोजमाप टिकले. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना याच परिणामाचे पुंज रूप सापडले आणि १९८५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विद्युत् रोधाचे प्रमाण आज त्यावर ठरवले जाते. इतक्या मोठ्या इमारतीचा पाया एका विद्यार्थ्याच्या शंकेवर आणि ती शंका सर्व बाजूंनी तपासून पाहण्याच्या त्याच्या सवयीवर उभा आहे. पिवळा दिवा लागताच नवा सेन्सर मागवण्यापूर्वी, त्या सवयीचे स्मरण गाडीच्या मालकाने आणि मेकॅनिकनेही ठेवायला हरकत नाही.