टोपलीत बसून टिपलेली दिल्ली

सर सय्यद अहमद खान म्हटले की अलीगढचे कॉलेज आठवते. त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी त्यांनी केलेले काम मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

1846 साली मुन्सफ म्हणून त्यांची बदली जन्मगावी, दिल्लीला झाली. थोरले भाऊ नुकतेच वारले होते, घराचा भार अंगावर होता. तरी कचेरीला सुटी लागली की ते शहराबाहेरच्या पडक्या इमारतींकडे निघत. मोजमापे घेत, शिलालेख उतरवत, चित्रकारांकडून नकाशे काढून घेत. कुतुबमिनारावरचे उंचावरचे लेख खालून वाचता येत नसत. मग बांबूंना टोपली टांगून ते तीत बसत. खाली उभे असलेले त्यांचे स्नेही, फारसीचे विद्वान इमाम बख्श सहबाई, यांचा चेहरा भीतीने पांढरा पडे.

1847 मध्ये ‘आसारुस्सनादीद’ छापून आले. त्यात मशिदी-मकबरे आहेत, तसा लोहस्तंभ आहे, अशोकाचा स्तंभ आहे, जंतरमंतर आहे. वास्तू कुणाच्या धर्माची, यावर त्यांनी निवड केली नाही. 1854 ची दुसरी आवृत्ती भाषेने सोपी, तपशिलाने अधिक काटेकोर. पण शहरातल्या कवी, हकीम, विद्वानांवरचे प्रकरण तीतून गाळले. ते राहायला हवे होते.

कारण तीनच वर्षांत, 1857 च्या रमजानमध्ये, उठाव झाला. इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि सूड उगवला. सहबाई आपल्या मुलांसह मारले गेले. सर सय्यद यांच्या आईंनी साईसाच्या खोलीत लपून, पाण्यावाचून दिवस काढले. मेरठला नेल्यावर त्या वारल्या. लाल किल्ला आणि जामा मशीद यांच्यामधली वस्ती सपाट झाली.

दर्यागंजची अकबराबादी मशीदही पाडली गेली. शहाजहानच्या बेगमेने बांधलेल्या याच मशिदीत शाह अब्दुल कादिर यांनी कुराणाचा उर्दू तर्जुमा केला होता. 2012 मध्ये मेट्रोच्या कामावेळी सुभाष पार्कात जुन्या भिंती लागल्या. त्या याच मशिदीच्या का, यावर वाद झाला, तेव्हा लोकांनी सर सय्यद यांचे पुस्तक काढले. त्यात मशिदीचे वर्णन होते आणि चित्रही.