सुभेदार मल्हारराव होळकर

इंदूरच्या होळकर घराण्याचे मूळपुरुष सुभेदार मल्हारराव होळकर यांना ७३ वर्षांचे दीर्घ आयुष्य लाभले. त्यातील चाळीसांहून अधिक वर्षे स्वारीशिकारीत, घोड्याच्या पाठीवर आणि छावणीच्या राहुट्यांत गेली. पेशवाईच्या तीन पिढ्या त्यांनी पाहिल्या. तथापि माळव्यातील मराठी माणसाच्या अंतःकरणात त्यांचे जे स्थान आहे, ते केवळ रणशूर सरदाराचे नव्हे. पुत्रशोकाने खचलेले घर ज्याने सावरले आणि सुनेच्या अंगचे तेज ज्याने ओळखले, अशा वडीलधाऱ्या पुरुषाचे ते स्थान आहे.

त्यांचा जन्म १६९३ साली एका सामान्य धनगर कुटुंबात झाला. नीरेकाठचे होळ हे त्यांचे गाव. त्यावरूनच होळकर हे नाव रूढ झाले. वडील खंडोजी लवकर निवर्तले. तेव्हा आईने लहानग्या मल्हारीला घेऊन खानदेशात तळोदे येथे आपले बंधू भोजराज बारगळ यांचा आश्रय घेतला. तेथे मेंढरे राखीत त्यांचे बालपण गेले. भोजराजांच्या पदरी लहानसे घोडदळ होते. त्यात भाचा शिपाईगिरी शिकला. पुढे मामाची कन्या गौतमाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि नावही त्याच देवाचे. ऐश्वर्य आले तरी ही निष्ठा पालटली नाही. म्हाळसाकांताचे स्मरण त्यांच्या मुद्रेवरही कोरलेले होते.

थोरल्या बाजीरावांच्या सेवेत आल्यावर त्यांचा भाग्योदय झाला. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत ते होते आणि त्यानंतर माळव्यातील प्रत्येक महत्त्वाच्या स्वारीत त्यांची तलवार चमकली. यश नेहमीच हाती आले असे नाही. १७३७ मध्ये यमुना ओलांडून ते दुआबात शिरले असता सादतखानाने त्यांना मागे रेटले. परंतु खचून न जाता ते बाजीरावांस येऊन मिळाले आणि मराठी फौजा दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकल्या. १७३९ मध्ये वसईच्या वेढ्यात, तर १७५८ मध्ये रघुनाथरावांसमवेत सरहिंद व लाहोर येथे ते होते. तळोद्याच्या माळावर मेंढरे राखणारा मुलगा असा पंजाबपर्यंत पोहोचला.

या धामधुमीत घर उभे राहिले ते गौतमाबाईंच्या बळावर. १७३४ मध्ये बाजीरावांनी त्यांच्या नावे खासगी जहागीर करून दिली. तीत महेश्वरचा समावेश होता. त्याच्या आदल्या वर्षी, १७३३ मध्ये, चौंडीच्या माणकोजी शिंदे यांची कन्या अहिल्या होळकरांची सून होऊन आली. पुत्र खंडेराव हे या दांपत्याचे एकुलते एक. सुनेची बुद्धी सासूसासऱ्यांनी लवकरच पारखली आणि जमाखर्च, वसूल, फौजेची रसद ही कामे हळूहळू तिच्या हाती दिली.

१७५४ साली या सुखावर घाला पडला. सुरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. त्या वेळी मल्हारराव ६१ वर्षांचे होते. काळाच्या रूढीप्रमाणे अहिल्याबाई सहगमनास सिद्ध झाल्या. शेकडो रणांगणे पाहिलेल्या या वृद्ध सेनानीने तेव्हा सुनेपुढे पदर पसरला. मुलगा गेला, आता तीही गेली तर घर कोणी सांभाळावे, अशी त्यांची विनवणी होती. अहिल्याबाईंनी ती मानली. रूढीच्या विरुद्ध उच्चारलेल्या त्या विनवणीने एक जीव वाचला, आणि त्या जिवाच्या आधाराने पुढे लाखोंचे संसार सुखी झाले.

पानिपतच्या प्रसंगाने त्यांच्या कीर्तीला डाग लागला, हे सांगितलेच पाहिजे. जड तोफा, बाजारबुणगे व बायकामुले मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, असे त्यांचे मत होते. भाऊसाहेबांना ते मान्य झाले नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई हातची गेल्यावर ते आपली फौज घेऊन रणातून बाहेर पडले. कोणी याला दगा म्हटले, तर उरलेले सैन्य वाचविणे हेच शहाणपण, असे कोणी मानले. याच वर्षी गौतमाबाईही निवर्तल्या. तरीही वर्ष सरता सरता मांगरोळजवळ जयपूरच्या माधोसिंहाच्या फौजेचा पराभव करून त्यांनी उत्तरेत मराठ्यांचा दरारा पुन्हा बसविला. १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईतही ते होते.

उतारवयात त्यांचा सारा भरवसा सुनेवर होता. १७६५ सालच्या त्यांच्या पत्रांत चंबळ उतरून ग्वाल्हेरला जाण्याविषयी आणि मोठ्या तोफांचा दारूगोळा सिद्ध ठेवण्याविषयी अहिल्याबाईंना दिलेल्या सूचना आढळतात. एका विधवेला चूलमूल आणि देवघर एवढ्यातच कोंडण्याच्या त्या काळात सासऱ्याने तिच्यावर तोफखान्याची जबाबदारी टाकावी, ही गोष्ट सामान्य नव्हे.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. नातू मालेराव गादीवर आले, पण वर्षभरातच तेही गेले. तेव्हा राज्याची धुरा अहिल्याबाईंनी उचलली आणि १७९५ पर्यंत समर्थपणे वाहिली. दौलतीवर चालून आलेल्या रघुनाथरावांपुढे त्या डगमगल्या नाहीत, कारण फौजेची आणि खजिन्याची नस त्यांना सासऱ्यांच्या हाताखालीच कळली होती. आलमपूरला त्यांनी सासऱ्यांची छत्री उभारली. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी बांधलेली मंदिरे, घाट, विहिरी व धर्मशाळा यांच्या पायाशी कुंभेरच्या छावणीतील त्या वृद्धाची विनवणी आहे. मल्हाररावांनी जिंकलेले किल्ले आणि मिळविलेले परगणे काळाच्या ओघात गेले. त्यांनी राखलेली सून मात्र आजही लोकमाता म्हणून पूजिली जाते.