छातीतल्या जळजळीवर ज्यांचं निदान चुकलं, त्यांचंच नाव आजाराला मिळालं!

जेवण झालं की छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. बरेच जण गोळी घेतात आणि विसरतात. पण हे वर्षानुवर्षं चालू राहिलं, तर काही जणांच्या एंडोस्कोपी रिपोर्टवर एक नाव येतं, 'बॅरेट्स इसोफेगस'. हे बॅरेट कोण?

नॉर्मन बॅरेट यांचा जन्म १९०३ साली ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये झाला. शिक्षण मात्र इंग्लंडमध्ये, ईटन आणि केंब्रिजला. पुढे ते लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सर्जन झाले. अन्ननलिका फाटली की रुग्ण सहसा वाचत नसे. अशा रुग्णावर यशस्वी शस्त्रक्रिया केल्याचं त्यांनी १९४७ साली जगासमोर मांडलं.

१९५० मध्ये त्यांनी एक कोडं हाती घेतलं. काही रुग्णांच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागात जठरासारखं अस्तर दिसायचं. बॅरेट यांचं म्हणणं होतं, ही अन्ननलिका नाहीच. ती जन्मतः आखूड असल्याने जठरच छातीत वर ओढलं गेलंय.

१९५३ मध्ये अ‍ॅलिसन आणि जॉन्स्टन या डॉक्टरांनी हे खोडून काढलं. नळी अन्ननलिकेचीच आहे, फक्त आतलं अस्तर वेगळं आहे, असं त्यांनी दाखवलं. विशेष म्हणजे त्यांचा लेख छापला 'थोरॅक्स' या नियतकालिकाने, आणि त्याचे संपादक होते खुद्द बॅरेट! १९५७ मध्ये बॅरेट यांनीही ते मान्य केलं. तरी हा दोष जन्मजात असावा, याकडेच त्यांचा कल राहिला.

खरं कारण पुढच्या संशोधकांनी उलगडलं. जठराचं अस्तर आम्ल सोसू शकतं, अन्ननलिकेचं नाही. आम्ल वारंवार वर आलं की तिथं सूज येते, जखमा होतात. काही जणांमध्ये जखम भरताना मूळच्या चपट्या पेशींऐवजी आतड्यासारख्या उभट पेशी येतात. बहुतेकांना त्यातून कर्करोग होत नाही, पण धोका वाढतो. म्हणून डॉक्टर ठरावीक काळाने तपासणी करतात.

१९७९ मध्ये बॅरेट यांचं लंडनमध्ये निधन झालं. त्यांच्यासारख्या निष्णात सर्जनलाही जे नुसतं पाहून ओळखता आलं नाही, ते जळजळ कमी-जास्त होण्यावरून घरबसल्या कसं कळणार? त्यामुळे जुनी जळजळ असेल, घास अडकत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाला काळी होत असेल, तर गोळीवर न थांबता डॉक्टर गाठलेले बरे.