जेम्स रॉस स्नोडन

अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें स्वतंत्र होऊन ऐंशी वर्षें लोटलीं, तरी तेथील बाजारांत स्पेन व मेक्सिको ह्या देशांचीं रुप्याचीं नाणीं सर्रास चालत, हें आमच्या विद्यार्थ्यांस चमत्कारिक वाटेल. फिलाडेल्फियास टांकसाळ १७९२ सालींच स्थापन झाली होती. परंतु तेथील नाणें देशास पुरेना, म्हणून परकी नाण्यांस कायद्याचाच आधार होता. हें परकें चलन ज्यांच्या देखरेखीखालीं मोडीत निघालें, ते जेम्स रॉस स्नोडन.

त्यांचा जन्म १८०९ सालीं पेनसिल्व्हेनियांतील चेस्टर गांवीं झाला. वडील प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. स्नोडन वकील झाले, पुढें कायदेमंडळाचे सभापति व संस्थानाचे खजिनदार झाले, आणि १८५३ सालीं टांकसाळीचे मुख्याधिकारी झाले.

स्पॅनिश डॉलरचा आठवा हिस्सा म्हणजे साडेबारा सेंट. दशमान हिशेबांत तो अर्धा सेंट नेहमीं अडे, व त्याची खोट कोणा एकास सोसावी लागे. शिवाय तीं नाणीं हातोहात झिजून गुळगुळीत झालीं होतीं. २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्यानें परकी नाण्यांचें कायदेशीर चलन बंद झालें. पंचवीस सेंटांच्या नाण्यास पोस्टांत व सरकारी खजिन्यांत वीसच सेंट मिळूं लागले. म्हणजे गरिबाची पांचव्या हिश्शाची पुंजी बुडाली! पण तेंच नाणें टांकसाळींत नेल्यास त्याबद्दल नवे सेंट पूर्ण पंचवीस मिळत. ही सवलत दोन वर्षांची होती. कायद्याचें खरें शहाणपण आमच्या मतें ह्याच कलमांत आहे.

२५ मे रोजीं वांटप सुरू झालें. टांकसाळीच्या अंगणांत लांकडी खोपटें उभारून स्नोडन ह्यांनीं दोन रांगा लाविल्या. एक स्पॅनिश रुपें आणणारांची, दुसरी जुने तांब्याचे सेंट आणणारांची. लोकांची एकच गर्दी उसळली. जुना सेंट १६८ ग्रेन वजनाचा. नवा अवघा ७२ ग्रेनांचा, शंभरांत ८८ भाग तांबें व १२ भाग निकेल, आणि वर उडता गरुड. पुढें हे सेंट इतके झाले कीं दुकानदार त्यांच्या राशींस कंटाळले, हेंही सांगितलें पाहिजे.

जमा झालेलें रुपें पुन्हां बाजारांत जाऊं द्यावयाचें नाहीं, असा कायदा होता. तें वितळवून त्याचींच अमेरिकन नाणीं पाडावयाचीं होतीं. स्नोडन ह्यांस जुन्या नाण्यांचा मोठा छंद. टांकसाळीच्या संग्रहाचें वर्णन करणारा त्यांचा ग्रंथ १८६० सालीं निघाला. १८६१ सालीं ते अधिकारावरून उतरले व १८७८ सालीं निवर्तले.